तीन सेकंदांचा आचका: ‘ताण’ या नावाखाली गेलेले दहा आठवडे

रुग्णाची ओळख लपवण्यासाठी वय, व्यवसाय आणि घरातले काही तपशील बदलले आहेत. मी त्यांना पाहिले ते दहाव्या आठवड्याच्या शेवटी. त्याआधीचे सारे कागदपत्रांवरून आणि घरच्यांच्या सांगण्यावरून जुळवले आहे.

पार्श्वभूमी

६२ वर्षांचे एक अभियंते. मोठ्या बांधकाम प्रकल्पांचे वेळापत्रक आखणे हे त्यांचे काम. कुठल्या टप्प्याला किती माणसे लागतील, कुठले सामान कधी यायला हवे, सगळे तोंडपाठ. कागद बघायची वेळ क्वचितच यायची. प्रकल्प आठ महिने रखडला होता, वरून रोज विचारणा होत होती, झोप चार-पाच तासांवर आली होती. रक्तदाब ठीक, रक्तातली साखर सीमारेषेवर, पूर्वी कुठला मानसिक आजार नाही.

पहिली तक्रार डाव्या हाताची. हातातला कप सुटून पडला. ‘कुणीतरी कोपर ओढल्यासारखं झालं’, असे त्यांनी पत्नीला सांगितले. मग असे आचके रोज दोन-चार येऊ लागले. बैठकीत आवाज चढला की जास्त, फोन अचानक वाजला की जास्त. डॉक्टरांकडे जाण्याआधीच त्यांनी स्वतःचे निदान करून टाकले होते: कामाचा ताण.

तिसऱ्या आठवड्यात नेहमीच्या डॉक्टरांनीही तेच म्हटले. झोपेबद्दल सल्ला दिला आणि एस्सिटालोप्राम ही नैराश्य-चिंतेवरची गोळी सुरू केली.

त्यांना आज दोष देणे सोपे आहे. समोर बसलेल्या माणसाला ताण आहे हे त्या दिवशी कुणीही सांगितले असते. शिवाय ताणाचा मेंदूवर परिणाम होतो ही काही ऐकीव गोष्ट नाही. हान्स सेल्ये यांनी ताणाला शरीर कसे उत्तर देते याचे वर्णन १९३६ मध्येच केले होते. १९६८ मध्ये ब्रूस मॅकइवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले की ताणाचे संप्रेरक रक्तातून येते आणि हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे नव्या आठवणी जिथे बांधल्या जातात तिथे, जाऊन चिकटते. दीर्घ ताणाखाली तिथल्या चेतापेशींच्या फांद्या आखूड होतात, हेही पुढे प्राण्यांमध्ये दिसून आले. त्यामुळे ‘ताण आणि विसराळूपणा’ ही जोडी आम्हा डॉक्टरांच्या डोक्यात पक्की बसलेली असते. जोडी खोटी नाही. पण ताणाने रोज त्याच बाजूचा हात आणि त्याच बाजूचा ओठ, दोन-तीन सेकंदांपुरता, अगदी साच्यातून काढल्यासारखा ओढला जात नाही. ओठाबद्दल तेव्हा कुणी विचारले नव्हते. रुग्णाला स्वतःला तो दिसत नव्हता.

अडचण कशी वाढत गेली

पाचव्या आठवड्यापासून घरात वेगळेच काही दिसू लागले. ते एकच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा विचारत. सकाळची बैठक झाली आहे की व्हायची आहे, हेच त्यांना आठवेना. एकदा रोजच्या रस्त्यावर गाडी बाजूला घेऊन त्यांनी पत्नीला विचारले, ‘आपण कुठे निघालो होतो?’ पत्नीला डिमेन्शियाची धास्ती वाटू लागली. मुलगी रात्र-रात्र वाचत बसे. डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या चौदा घटकांची, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाची यादी तिने मला नंतर दाखवली. त्यात नैराश्य आहे, एकटेपणा आहे, बहिरेपणा आहे. ताण असा स्वतंत्र घटक नाही. ‘मग बाबांना इतक्या झटपट कसं झालं?’ हा तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. डिमेन्शियाचे नेहमीचे प्रकार आठवड्यांच्या हिशेबाने वाढत नाहीत.

सहाव्या आठवड्यात रक्त तपासले. सोडियम १२८. ते १३५ च्या वर असायला हवे. एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्यांनी सोडियम उतरते, विशेषतः वय झालेल्यांमध्ये आणि पहिल्या काही आठवड्यांत. गोळी बंद झाली आणि ‘आठवड्याने पुन्हा तपासा’ असे लिहून दिले गेले. पुन्हा तपासलेही: १२७. गोळी थांबवूनही आकडा वर आला नव्हता. हा रिपोर्ट फायलीला लागला आणि तिथेच राहिला.

त्याच आठवड्यात एमआरआय झाला, नॉर्मल. अर्ध्या तासाचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, झाला, तोही नॉर्मल. गंमत म्हणजे ईईजी चालू असताना दोन आचके आले होते आणि तंत्रज्ञाने त्यांची नोंदही केली होती. त्या क्षणी कागदावर स्नायूंच्या खळबळीपलीकडे काही उमटले नव्हते. निष्कर्ष निघाला: आकडी नाही, म्हणजे मानसिक. मेंदूच्या ज्या आजाराबद्दल मी पुढे सांगणार आहे, त्यातल्या आचक्यांच्या वेळी डोक्यावरच्या तारांना बऱ्याचदा काहीच सापडत नाही. नॉर्मल ईईजी इथे कशालाच नकार देत नाही.

आता चित्र पाहा. आचक्याला कारण होते (ताण), विसरण्याला कारण होते (झोप आणि ताण), सोडियमला कारण होते (गोळी). प्रत्येक खुलासा आपापल्या जागी पटण्यासारखा. तिन्ही एकत्र ठेवून बघायला कुणी बसले नव्हते, कारण तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या लोकांच्या समोर आल्या होत्या.

दिशा बदलली ती कुठे

नवव्या आठवड्यात त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले गेले. या प्रकरणात सगळ्यात चांगले काम केले ते या बाईंनी. त्यांनी तासभर नुसते ऐकले आणि पाहिले. मानसिक कारणाने येणाऱ्या हालचाली लक्ष दुसरीकडे वळवले की सहसा बदलतात, कमी होतात, त्यांचा ताल मोडतो. यांना त्यांनी शंभरातून सात-सात वजा करायला लावले, गप्पांत गुंतवले. आचके तसेच, तेवढेच, त्याच बाजूला. ‘आधी कळतं का?’ असे विचारल्यावर उत्तर आले, ‘नाही, येऊन गेल्यावर कळतं.’ मुलीने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ त्यांनी संथ गतीने पाहिला. त्यात तोंडाचा डावा कोपरा हाताबरोबरच ओढला जाताना स्पष्ट दिसत होता. त्यांच्या चिठ्ठीत एवढेच होते: ‘हा माझा रुग्ण नाही. मेंदूविकारतज्ज्ञांनी लवकर पाहावे.’

आमच्या भेटीच्या चार दिवस आधी, रात्री झोपेत, पहिली मोठी आकडी आली. तातडीच्या विभागात ऑक्सकार्बाझेपिन हे आकडीचे औषध सुरू झाले. आकडीसाठी गोळी योग्यच, पण हे औषध स्वतः सोडियम उतरवते. चार दिवसांनी आमच्याकडे आले तेव्हा सोडियम १२१ होते आणि ते गुंगीत होते.

मुलीने सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावून आणले होते. त्यात एक कागद असा निघाला जो आजाराशी संबंधित म्हणून कुणी पाहिलाच नव्हता: कामाच्या ठिकाणची वार्षिक आरोग्य तपासणी. सोडियम १३१. तारीख एस्सिटालोप्रामच्या पहिल्या गोळीच्या नऊ दिवस आधीची.

म्हणजे सोडियम गोळीने उतरले नव्हते. ते आधीपासूनच उतरत होते.

एका बाजूच्या चेहऱ्याचे आणि हाताचे दोन-तीन सेकंदांचे आचके, दिवसाला डझनावारी. आठवड्यांत वाढलेला विसर. न सावरणारे कमी सोडियम. साठी ओलांडलेला पुरुष. या चार गोष्टी एकत्र आल्या की एका आजाराचे नाव ओठांवर यायलाच हवे: एलजीआय-१ प्रतिपिंडांची मेंदूसूज. एलजीआय-१ हे चेतापेशींच्या सांध्यांमध्ये काम करणारे प्रथिन. पेशींची उत्तेजना आवरून धरणाऱ्या यंत्रणेचा ते भाग असते. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून त्याच्याच विरुद्ध प्रतिपिंडे बनवते आणि तो आवर सुटतो. हिप्पोकॅम्पसला याचा जबर फटका बसतो, म्हणून आठवणी जातात. सोडियम सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमसमध्येही हे प्रथिन असते. आजाराची ही ओळख जुनी नाही. एलजीआय-१ हेच लक्ष्य आहे हे २०१० मध्ये कळले आणि या विशिष्ट आचक्यांना ‘फेशिओब्रॅकियल डिस्टोनिक सीझर्स’ हे नाव २०११ मध्ये मिळाले. माझे वैद्यकीय शिक्षण झाले तेव्हा पुस्तकात हा आजार नव्हता.

आणखी एक गोष्ट. हे आचके भावनेच्या भराने आणि अचानक आवाजाने वाढू शकतात. बैठकीत आवाज चढला की हात उडायचा तो यामुळे. आजाराचाच गुणधर्म ‘ताणा’चा पुरावा ठरून बसला होता.

समोरचे पर्याय

दुसरा एमआरआय केला. या वेळी उजव्या बाजूचा हिप्पोकॅम्पस किंचित उजळ दिसत होता, डावा नॉर्मल. पाठीतून पाणी काढून तपासले: पेशी २, प्रथिने नॉर्मल. प्रतिपिंडांसाठी रक्त आणि ते पाणी दोन्ही पाठवले (या आजारात पाण्यापेक्षा रक्तात प्रतिपिंडे जास्त खात्रीने सापडतात). रिपोर्टला दहा-बारा दिवस लागणार होते.

त्या संध्याकाळी आमच्या चमूत खरा वाद झाला. रिपोर्टची वाट पाहायची की उपचार सुरू करायचे?

एका सहकाऱ्याचे म्हणणे थांबावे असे होते, आणि त्याचे मुद्दे पोकळ नव्हते. अशा मेंदूसुजेसाठीच्या २०१६ च्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या काटेकोर चौकटीत आमचा रुग्ण फक्त ‘शक्य’ या पायरीवर बसत होता: सूज एकाच बाजूला, पाणी स्वच्छ, ईईजी स्वच्छ. क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या जीवघेण्या आजारातही विसर झपाट्याने वाढतो आणि झटके येतात. मेंदूतला लिम्फोमा (एक कर्करोग) असेल तर स्टिरॉइडने तो काही काळ विरघळल्यासारखा होतो आणि मग निदान हाती लागत नाही. हर्पिस विषाणूची मेंदूसूज असेल तर नुसते स्टिरॉइड देणे धोक्याचे. आणि साखर सीमारेषेवर होतीच.

मी दुसऱ्या बाजूला होतो. आकडीच्या गोळ्या चालू ठेवून वाट पाहणे हे वरकरणी सावध वाटते, पण या आचक्यांवर त्या गोळ्या फारशा चालत नाहीत. असे आचके असलेल्या शंभराहून थोड्या जास्त रुग्णांचा एक अभ्यास २०१८ मध्ये आला. नुसत्या गोळ्यांनी महिन्याभरात आचके थांबले ते जेमतेम दहातल्या एकाचे. प्रतिकारशक्ती आवरणारे उपचार जोडल्यावर जवळपास निम्म्यांचे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आचके लवकर थांबले तर स्मृतीचे नुकसान टळते असे त्यातून दिसत होते. आमच्या रुग्णाची स्मृती आधीच घसरली होती. आणखी बारा दिवस म्हणजे दिवसाला पन्नासाच्या हिशेबाने सहाशे आचके.

तिसरा पर्याय आयव्हीआयजीचा, म्हणजे दात्यांच्या रक्तातून मिळवलेल्या प्रतिपिंडांचा. साखरेच्या दृष्टीने तो सोयीचा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत ते मिळालेल्या ८ पैकी ६ जणांना फायदा झाला होता, न मिळालेल्या ९ पैकी २ जणांना. आशादायक, पण एकूण १७ रुग्ण. स्टिरॉइडने साखर हाताबाहेर गेली तर हा पर्याय वापरायचा, असे ठरले.

केले काय

आधी सोडियम. ऑक्सकार्बाझेपिन थांबवून आकडीचेच दुसरे औषध, लेव्हेटिरासेटाम, दिले, पाणी-द्रव मोजून दिले. ते घाईने वर आणले नाही. सोडियम फार वेगाने वाढवले तर मेंदूच्या देठाला कायमची इजा होऊ शकते. हर्पिसची तपासणी नकारात्मक येईपर्यंत त्यावरचे औषध, असायक्लोव्हिर, चालू ठेवले. एमआरआय पुन्हा तज्ज्ञांबरोबर बसून पाहिला. क्रॉइट्झफेल्ट-याकोबसारखी किंवा लिम्फोमासारखी खूण नव्हती. तिसऱ्या दिवशी मेथिलप्रेड्निसोलोन हे स्टिरॉइड शिरेतून सुरू केले, रोज १ ग्रॅम, पाच दिवस. त्यानंतर प्रेड्निसोलोनच्या गोळ्या.

यातला विरोधाभास मुलीने पकडला. ‘ताणाचं हार्मोन आठवणींना मारतं असं तुम्हीच म्हणालात. हे त्याचंच भावंड ना?’ हो, त्याच कुळातले. पण इथे हिप्पोकॅम्पसवर हल्ला करणारी प्रतिपिंडे थोपवायची होती, आणि त्या क्षणी तोच मोठा शत्रू होता.

आचके मोजण्याचे काम मुलीवर सोपवले. तिने वही केली. उपचारांच्या आदल्या दिवशी ५४. चौथ्या दिवशी २१. नवव्या दिवशी ३. तेराव्या दिवशी एकही नाही. अकराव्या दिवशी रिपोर्ट आला: एलजीआय-१ प्रतिपिंडे आहेत. वाट पाहावी म्हणणाऱ्या सहकाऱ्याने तो वाचला, वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहिला आणि काही न बोलता फायलीत लावला. छाती आणि पोटाचे स्कॅन करून गाठ शोधली. या आजारात ती क्वचितच असते, यांच्यातही नव्हती.

परिणाम

दोन आठवड्यांत सोडियम १३७ झाले, तेही कुठल्याही मिठाच्या गोळीशिवाय. स्मृतिचाचणीत दाखल होताना ३० पैकी १९ गुण होते. सहा महिन्यांनी २६.

मधला काळ सरळ गेला नाही. उपचारांच्या तिसऱ्या आठवड्यात ते रात्री तीन वाजता सहकाऱ्यांना फोन करून प्रकल्पाचे नवे वेळापत्रक सांगू लागले. उत्साह उतू जात होता, झोप दोन तास. स्टिरॉइडने असे होऊ शकते हे आम्हाला माहीत होते. घरच्यांना मात्र आधी सांगितले नव्हते. पत्नीला वाटले, आजार उलटला. तो आठवडा तिने ज्या भीतीत काढला तो आमच्या खात्यावर आहे.

साखर चढली तसे मी प्रेड्निसोलोन ठरवल्यापेक्षा लवकर उतरवले. चौथ्या महिन्यात वहीत पुन्हा दोन आचके लिहिले गेले. या आजारात साधारण तीन-चार रुग्णांमागे एकाला तो उलटतो, म्हणून हे माझ्यामुळेच झाले असे खात्रीने म्हणता येणार नाही. पण घाई मी केली होती. मात्रा परत वाढवली आणि प्रतिकारशक्ती आवरणारे रिटुक्सिमॅब जोडले. आचके आठवड्यात थांबले, ते आजतागायत.

ते कामावर गेले आहेत, वेगळ्या जबाबदारीवर. अख्खे वेळापत्रक डोक्यात धरणे आता जमत नाही, लिहून ठेवावे लागते. दाखल होण्याआधीचे जवळजवळ दोन महिने त्यांच्या आठवणीत नाहीतच.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत आधी, सोडियम. गोळीला दोष दिला तेव्हा गोळीच्या आधीचा आकडा शोधायला दोन मिनिटे लागली असती. आणि गोळी थांबवून पुन्हा तपासायला सांगितले असेल, तर तो दुसरा आकडा पाहण्याची जबाबदारी कुणाची हे त्याच दिवशी ठरायला हवे होते. ‘पुन्हा तपासा’ हा निर्णय नसतो, निम्मा निर्णय असतो.

व्हिडिओ तिसऱ्याच आठवड्यात मागता आला असता. तेव्हा विसर पडायला सुरुवातही झाली नव्हती, म्हणजे थोपवण्यासारखे सगळे शाबूत होते. मी आता आचके, झटके, बेशुद्धी अशी कुठलीही तक्रार आली की घरच्यांना मोबाइल पुढे धरायला सांगतो, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा. अर्ध्या तासाच्या ईईजीपेक्षा त्या दहा सेकंदांनी मला जास्त वेळा वाचवले आहे.

‘ताण’ हे निदान म्हणून लिहायचे असेल तर त्याला मुदत घालावी असे मला वाटते: इतक्या आठवड्यांत अमुक सुधारले नाही तर निदान पुन्हा उघडायचे. पहिल्या डॉक्टरांनी अशी मुदत दिली असती, तर पाचव्या आठवड्यात विसर सुरू होताच फाईल पुन्हा उघडली गेली असती.

आमच्याबद्दल: दुसऱ्या एमआरआयची वेळ मिळेपर्यंत आम्ही दोन दिवस थांबलो. आज मी रक्त आणि पाणी घेऊन झाल्यावर पहिल्याच रात्री ठरवेन.

पुढचा निर्णय

गेल्या भेटीत त्यांनी गाडी चालवण्याबद्दल विचारले. शेवटच्या आचक्याला सात महिने झाले होते. मी आणखी सहा महिने नाही म्हणालो. आकडीपेक्षा मला चिंता रस्ता लक्षात राहण्याची जास्त आहे, आणि त्यासाठी प्रत्यक्ष चाचणी घ्यायची आहे. त्यांना ते पटले नाही.

मुलीने वही पुढे सरकवली. त्यांनी पाने चाळली, एका ओळीवर बोट ठेवले. ‘एका दिवसात ५४ वेळा? मला?’ हाच प्रश्न त्यांनी आधीच्या भेटीत विचारला होता, अगदी याच शब्दांत. मी उत्तर देणार तेवढ्यात ते थांबले आणि म्हणाले, ‘मागच्या वेळीही विचारलं होतं ना मी हे?’